दगडातली पाणसळ

"ओला केल्याशिवाय दगडाचं काही खरं मानायचं नाही, वृंदा. कोरडा दगड सगळ्यांशी सारखंच बोलतो."

मेढेकर सरांनी हे सांगितलं तेव्हा माझ्या हातात फडकं होतं. गारमाळच्या कॉलेजात सर भूविज्ञान शिकवायचे आणि त्यांच्या खोलीची झाडलोट करायला मी नुकतीच लागले होते. कपाटातले दगड पुसायचे, एवढंच काम. पण कुणी नुसतं पुसत बसलेलं सरांना बघवायचं नाही. त्यांनी वाटीत पाणी आणलं आणि एका करड्या दगडावर चार थेंब सोडले. त्या करड्यातून हिरवे, पांढरे, फिकट गुलाबी ठिपके वर आले. देवाच्या मूर्तीवर पाणी घातलं की तिचे डोळे दिसायला लागतात, तसंच वाटलं मला.

मी बारावी होऊन लग्न झालेली बाई. पुढची वीस वर्षं सर मला दगड शिकवत राहिले. गुरुपौर्णिमेला मी नारळ ठेवून वाकले की संकोचून मागे सरायचे. म्हणायचे, "दगडाला नमस्कार कर. मीही त्याच्याकडूनच शिकलो."

आमच्या गावाचं नावच गारांवरून, म्हणजे गारगोट्यांवरून पडलं. इथे विहीर खणायला घेतली की काळ्या कातळात मुठीएवढ्या, कधी टोपलीएवढ्या पोकळ्या लागतात आणि त्यांत स्फटिक असतात. मोरपिसासारखे पसरलेले, साखरेसारखे, काही तर सुयांच्या जुडीसारखे. सहा-साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथे तापलेला रस वाहिला, थरावर थर थिजले. थिजताना आतले बुडबुडे अडकले. मग कोट्यवधी वर्षं त्या बुडबुड्यांत पाणी झिरपलं आणि थेंबाथेंबाने खनिजं साठली.

यातला एक प्रकार सरांच्या फार आवडीचा. कधी कधी पोकळी पुरती भरत नाही. गारेचा साका तळाशी बसतो आणि वर मोकळी जागा राहते. बशीत ओतलेल्या दुधासारखा तो साका अगदी सपाट असतो. "गवंड्याची पाणसळ असते ना, ती देवाने दगडात ठेवलीय," सर म्हणायचे. "दगड जन्मला तेव्हा आकाश कुठल्या बाजूला होतं, हे त्याला विचारायचं असेल तर सपाट कड बघ. सपाट कड नेहमी खाली, मोकळी जागा तिच्या वर."

मी ते कधी विसरले नाही. शेकडो दगड हातात घेतले. प्रत्येकाला मनातल्या मनात विचारलं, बाबा रे, तुझं आकाश कुठलं.

*

गारमाळला मुरवणी आली त्याला आता पाच वर्षं होतील.

कारखान्यांच्या धुरातला कर्बवायू वेगळा काढायचा, पाण्यात दाबून विरघळवायचा आणि ते सोड्यासारखं पाणी सातशे मीटर खोल काळ्या कातळात सोडायचं. आमच्या कातळात चुन्याचा अंश भरपूर. वायूचं पाणी त्याच्याशी मिळालं की दोनेक वर्षांत पांढरा दगड होतो. हवेत राहिला असता तर जग तापवणारा वायू जमिनीत दगड होऊन पडून राहतो, पुन्हा वर येत नाही. शास्त्रीय नाव लांबलचक आहे. लोणचं मुरवतात तसं हे, म्हणून गावाने मुरवणी म्हटलं आणि पुढे कंपनीच्या फाटकावरही "गारमाळ मुरवणी केंद्र" हीच पाटी लागली.

मला हे काम पुण्याचं वाटलं, आजही वाटतं. एप्रिलमध्ये सकाळी अकरानंतर रस्त्यावर माणूस दिसत नाही अशी उन्हं बघणारी आमची पिढी. वायू पुरणारा प्रकल्प आपल्या गावात येतोय याचा आनंदच होता.

भीती एकच होती. गावाच्या विहिरी चाळीस-पन्नास फुटांच्या. खोल सोडलेलं वायूचं पाणी वर आलं तर काय? सरांनी नगरपंचायतीत फळ्यावर चित्र काढून समजावलं होतं. मुरवणीचा थर आणि विहिरींचा थर यांच्या मध्ये, तीनशे मीटरच्या आसपास, एक जाड अखंड थर आहे. ते झाकण. झाकण अखंड तर धोका नाही. ते तपासायला गावाभोवती नऊ ठिकाणी जमीन पोखरून दगडाच्या लांब कांड्या काढल्या. त्या खणांच्या पेट्यांत भरून ठेवायला केंद्राच्या आवारात पेटीघर बांधलं. सर केंद्राचे स्वतंत्र तपासनीस झाले आणि त्यांनीच मला पेटीघर सांभाळायला नेलं.

तिथे त्रिनेत्र नावाचं यंत्र होतं. पेटी आत सरकवायची, तीन मिनिटांत ते सगळं सांगणार. दगड कुठला, किती घट्ट, भेगा किती. त्रिनेत्रने वाचलं की तीच कायद्याने नोंद. त्यानंतर कांड्यांकडे कुणी फिरकत नसे. मीच आपली रोज धूळ पुसायची.

सात नंबरच्या भोकाच्या कांड्या आल्या त्या आठवड्यात माझ्या सोळा सोमवारांचं उद्यापन होतं. सर स्वतःहून म्हणाले, "चार दिवस सुट्टी घे. घाईत देवाचं करू नये." उद्यापनाच्या दिवशी ते प्रसादालाही आले. पुरणपोळी आवडीने खाल्ली. त्यांच्या अंगठ्याला लाल लागलं होतं. मी म्हटलं, "देवळात जाऊन आलात वाटतं." ते नुसते हसले.

मग प्रकल्पाला मंजुरी द्यायला गावसभा झाली. सरांनी आकडे सांगितले, पण लोक चुळबुळत होते. आमचे नगराध्यक्ष उठून म्हणाले, "सर, तुमचं इंग्रजी-मराठी सगळं बरोबर असंल. पण वृंदाताईंना विचारू द्या."

याला कारण होतं. आईने मला एक नेम लावून दिला होता: संध्याकाळी दिव्यापुढे बसून दिवसभराचं बोलणं आठवायचं आणि एखादं वाक्य खोटं निघालं तर दुसऱ्या दिवशी त्या माणसाच्या दारात जाऊन दुरुस्त करायचं. गावात याची थट्टा व्हायची. कोपऱ्यावरचा भाजीवाला म्हणायचा, "वृंदाताई काल म्हणल्या दोडका कोवळा होता, आज सांगायला आल्या की जून होता. आता मी पैसे परत करू का दोडका परत घेऊ?" थट्टा करायचे, पण माझं बोलणं मानायचेही.

मी उभी राहिले. आदल्या दिवशीच सरांनी सात नंबरच्या पेट्या मला दाखवल्या होत्या. मी म्हटलं, "झाकण मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. अखंड आहे. सातलाही अखंड आहे." सभागृहातले हात वर गेले.

पेट्या दाखवताना सरांनी त्या एकामागून एक उघडल्या होत्या आणि मी समोरच्या बाजूने पाहिलं होतं. कांड्या कोरड्या होत्या. पाण्याची वाटी तिथेच खिडकीत होती. सर दाखवतायत म्हटल्यावर मी ती उचलली नाही.

*

यंदा माघात, सोमवारी सकाळी अलका सोनवणे आली. आमच्या मागच्या आळीला तिचा गोठा, सहा म्हशी. माझं सूर्याला अर्घ्य व्हायचं होतं, तोवर मी बोलत नाही हे तिला माहीत. पायरीवर बसून राहिली. मी आत आले तशी म्हणाली, "ताई, म्हशी पाणी पिऊ नाही राहिल्या."

"आजारी आहेत का?"

"कशाच्या आजारी. नळाचं ठेवलं तर बादली चाटून पुसून पिऊ राहिल्या. विहिरीचं ठेवलं की फुसकन करून मान फिरवतात. जशी मी त्यांची सासूच." ती हसली नाही. "मी पिऊन पाहिलं. आंबुस लागतंय. जिभेला टोचतंय. आता हे म्हणतायत, खाली उतरून मोटरीचं तोंड साफ करतो, गाळ असंल."

मी चपला घालून तशीच तिच्यामागे गेले.

भाऊसाहेब, म्हणजे अलकाचे मालक, कमरेला दोर बांधून तयार होते. मी म्हटलं, "भाऊ, थांबा दोन मिनिटं. आधी दिवा सोडून बघू."

"ताई, आजकाल कोण दिवा सोडतं?"

"नसेल सोडत. माझ्यासाठी."

अलकाने मेणबत्ती पेटवून बादलीत उभी केली. भाऊसाहेबांनी बादली हळूहळू सोडली. सकाळचं ऊन विहिरीत तिरपं येत होतं, ज्योत दिसत होती. वारा नव्हता. पाण्याला अजून दोन पुरुष उंचीचं अंतर असताना ज्योत आखडली आणि विझली. कुणी फुंकर घातल्यासारखी नव्हे, हात ठेवून दाबल्यासारखी.

बादली वर काढून पुन्हा पेटवली, पुन्हा सोडली. त्याच जागी विझली.

कर्बवायू हवेपेक्षा जड. विहिरीसारख्या जागी तो तळ्यासारखा साचतो. दिसत नाही, वास नाही. त्यात उतरलेला माणूस दोन श्वासांत खाली बसतो, आणि त्याला काढायला उतरणाराही.

भाऊसाहेबांनी कमरेचा दोर सोडला आणि नीट गुंडाळत बसले. बराच वेळ तो गुंडाळत होते.

अलका म्हणाली, "ताई, हे त्या मुरवणीचं तर नाही ना?"

"झाकण अखंड आहे गं," मी म्हटलं. "मी पाहिलंय. दुसरं काही असेल. तरी कुणाला खाली उतरू देऊ नकोस आणि विहिरीवर फळ्या टाक. मी पेट्यांचे फोटो काढून आणते, तुला दाखवते."

खरोखर तिला धीर द्यायला म्हणूनच मी पेटीघरात गेले.

*

सात नंबर. पेट्या एकेचाळीस आणि बेचाळीस, खोली तीनशे आठ ते तीनशे सोळा मीटर.

फोटोत दगड उठून दिसावा म्हणून मी पाणी शिंपडलं. काळ्या घट्ट कांड्या, भेग एकही नाही. मला हायसं वाटलं. मग चांगली बाजू वर यावी म्हणून एक कांडी फिरवली. मागच्या अंगाला लिंबाएवढी पोकळी होती. अर्धी गारेने भरलेली, अर्धी मोकळी.

प्रत्येक कांडीवर लाल रंगाने बाण काढतात, आकाशाच्या दिशेला. या कांडीवरही होता. पोकळीतली सपाट कड बाणाच्या बाजूला होती. साका छताला चिकटलेला आणि मोकळी जागा तळाशी.

बशीतलं दूध बशीखाली लोंबकळत नाही.

मी दुसरी कांडी फिरवली. तिसरी. दोन पेट्यांत मिळून अकरा पोकळ्या सापडल्या. अकराही उलट्या. एक बाण चुकतो, घाईत होतं. पण आठ मीटर दगड एका सुरात उलटा कसा होईल? कुणीतरी दुसरीकडच्या कांड्या काढून इथे ठेवल्या होत्या. पेटीतून काढताना शेवटची कांडी आधी हाती येते, ती टोक फिरून पहिल्या खणात गेली की सगळी माळ उलटी पडते. मग जुने बाण पुसून तिच्यावर नवे.

दुसरीकडच्या म्हणजे कुठल्या, तेही सापडलं. वहीत तीन नंबरच्या दोन पेट्यांपुढे "वाहतुकीत फुटल्या" अशी नोंद होती. अक्षर सरांचं. तारीख माझ्या उद्यापनाची.

अंगठ्याला लाल लागलं होतं ते मला आठवलं आणि मी तिथल्या स्टुलावर बसले.

केंद्राचा अधिकारी निखिल देवरे काही कामाने आत आला. चांगला मुलगा आहे, वाकून बोलतो. मी त्याला कांडी दाखवली, सपाट कड दाखवली.

त्याने ऐकून घेतलं. "मॅडम, त्रिनेत्रने या पेट्या वाचल्यात. अखंड म्हणून नोंद आहे."

"ते बरोबरच वाचतंय. दगड अखंडच आहे. फक्त तो इथला नाही. आणि वर कुठलं, खाली कुठलं, हे त्याला कुणी विचारलेलं नाही."

"म्हणजे तुमचं म्हणणं एका बुडबुड्यावरून दोन हजार पानांचा अहवाल चूक?" तो उपहासाने नाही, खरंच विचारत होता. "गुरुवारी गावसभा आहे. दुसरा टप्पा मंजूर झाला की सोमवारपासून दाब दुप्पट. शुक्रवारी या सगळ्या पेट्या खडीला जाणारेत, जागा मोकळी करायचीय. आणि मॅडम, मागच्या सभेत झाकण अखंड आहे असं तुम्हीच सांगितलं होतं. मी ध्वनिमुद्रण ऐकलंय."

मी कांडी पुन्हा खणात ठेवली.

*

तिथून मी सरांच्या घरी गेले. सर बाहेरच्या खोलीत आरामखुर्चीत होते, डोळ्यांत औषध घालून वर बघत. त्यांच्या पत्नी गेल्यापासून एकटेच असतात. पावलं ओळखून म्हणाले, "ये वृंदा. चहा टाक, मलाही दे."

मी उभीच राहिले. "सर, तीनशे बारा मीटरची कांडी उलटी आहे."

कुठल्या भोकाची, असं त्यांनी विचारलं नाही. डोळ्यांतून औषध ओघळलं ते पुसलं आणि म्हणाले, "एकच?"

"दोन्ही पेट्या."

"हं."

वाटेत मी मनाशी एक गोष्ट घट्ट धरून आले होते. ती आता बोलले. "मला वाटलं, मला कधीतरी कळावं म्हणून तुम्ही मुद्दाम उलट्या ठेवल्यात."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना खोटं बोलता आलं असतं. मी ते मानलंही असतं.

"नाही गं," सर म्हणाले. "घाई होती. मोतीबिंदू तेव्हाच सुरू झाला होता. पोकळ्या दिसल्याच नाहीत मला."

भिंतीवरचा पंखा फिरत होता. मी विचारलं, "सातच्या खऱ्या कांड्यांत काय होतं?"

"उभी भेग. पाच मीटर लांब, बोट जाईल एवढी." ते सावरून बसले, आणि त्यांचा आवाज वर्गातला झाला. "पण ऐक. वायूचं पाणी भेगेतून वर यायला लागलं की वाटेत पांढरा दगड धरतं. भेग स्वतःच स्वतःला बुजवते. माझं गणित होतं, सहा महिन्यांत बुजेल. सातमध्ये भेग निघाली असं लिहिलं असतं तर प्रकल्प दहा वर्षं मागे गेला असता. दहा वर्षं, वृंदा. तेवढ्यात जग किती तापलं असतं याचा हिशेब मी वीस वर्षं शिकवलाय."

"बुजली नाही ती."

"भेगेच्या भिंतींवर आधीच मातीचा लेप असणार. दगडापर्यंत वायू पोचलाच नाही." त्यांनी पुन्हा डोळे पुसले. "तेवढं माझं चुकलं."

"सोनवण्यांच्या विहिरीत दिवा विझतोय, सर. भाऊसाहेब कमरेला दोर बांधून उभे होते."

ते हळू म्हणाले, "मी तुझा दोषी आहे, मला कळतं. आकडे माझे होते, पण माझ्या आकड्यांना कोण विचारतं इथे. तुझ्या शब्दाला मान होता."

मला वाटलं होतं, पेट्या बदलल्या हे सगळ्यात वाईट. पण वाईट हे होतं. वीस वर्षं मला कुणी शिकवत होतं, आणि त्यातल्या एका दिवशी त्याने माझ्याकडे पाहून ठरवलं की ही बाई खोटं बोलत नाही, म्हणून हिच्या तोंडून बोलावं. मी कपाटातली वस्तू होते. योग्य दिवशी काढली.

"गुरुवारी सभेत बोल तू," सर म्हणाले. "दुसरा टप्पा थांबव. थांबलाच पाहिजे. फक्त एवढंच म्हण की यंत्र चुकलं. यंत्राला उलट-सुलट कळलं नाही, हे खरंच आहे. तुझा नेम मोडत नाही. माझी दोन-तीन वर्षं उरलीयत, ती बरी जातील."

ते इतकं नीट जुळवलेलं होतं की मला त्यांचा वर्ग आठवला. अवघड गणित ते असंच सोपं करून द्यायचे.

मी चहा टाकला. कपात गाळून त्यांच्या हाताशी ठेवला. माझ्यासाठी घेतला नाही आणि निघाले. पाठीमागून ते म्हणाले, "वृंदा, काही बोलली नाहीस." मी चपला घातल्या.

*

बुधवारी दुपारी अलकाकडे गेले. विहिरीवर फळ्या होत्या, त्यांवर दगड. म्हशी सावलीला रवंथ करत होत्या. अलका कडबा तोडत होती. माझ्याकडे बघून म्हणाली, "फोटो काढायला गेलेलीस ना? दोन दिवस झाले."

मी तिच्यासमोर बसले आणि सांगितलं. भेग, पेट्या, बाण, सगळं. सरांचं नावही सांगितलं. माझं सांगायला सर्वांत जास्त वेळ लागला.

ती ऐकत राहिली. कोयता बाजूला ठेवला. "म्हणजे तू पाहिलंच नव्हतंस."

"पेटी पाहिली होती. झाकण नव्हतं पाहिलं."

"आमच्या ह्यांनी हात वर केला नव्हता त्या दिवशी," अलका म्हणाली. "मी कोपराला धरून वर केला. म्हटलं, ताई सांगती आहे. अन् परवा हेच दोर बांधून उभे." तिचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. "मेणबत्तीच्या जागी हे असते, ताई."

"हो."

"आता काय करशील?"

"उद्या सभेत सांगेन. ज्या जागी उभी राहून सांगितलं, तिथेच उभी राहून परत घेईन."

"सरांचं नाव घेशील? का यंत्रावर ढकलशील? सगळे यंत्रावरच ढकलू राहिलेत आजकाल. यंत्राला ना बायको ना पोर."

मी तिच्याकडे पाहिलं. तिला काहीच माहीत नव्हतं, तरी बोट बरोबर तिथेच पडलं होतं.

"घेईन," मी म्हटलं. "त्यांचं आणि माझं, दोन्ही. वचन देते."

"वचनबिचन नको देऊस." तिने कोयता पुन्हा उचलला. "मागच्या बारीला तुझ्या शब्दाने पोट भरलंय. उद्या बोल, मग पाहू."

गेल्या तीस वर्षांत माझ्या शब्दाला कुणी नको म्हटलं नव्हतं. मी उठले. फाटकाशी पोचले तेव्हा ती मागून म्हणाली, "आधी काहीतरी खाऊन जा उद्या. उपाशीपोटी तुला चक्कर येती."

*

गुरुवारी सकाळी पेटीघराच्या वहीत लिहिलं: "भोक सात, पेटी एकेचाळीस, कांडी एक, वृंदा खैरनार यांनी गावसभेत दाखवण्यासाठी नेली." सही केली, वेळ टाकली.

घरी आमचे हे दाढी करत होते. कांडी ओट्यावर ठेवली तशी आरशातूनच म्हणाले, "रात्रभर विचार केला मी. यंत्र चुकलं म्हटलंस तर काय बिघडतं? टप्पा थांबतोय ना? विहिरी वाचतायत ना? मग त्या म्हाताऱ्या माणसाला कशाला... आणि तुझी नोकरी जाईल ती वेगळीच."

"जाईल."

"लोक म्हणतील, वीस वर्षं ज्याने शिकवलं त्याच्यावर उलटली."

"म्हणतील."

ते वळले. अर्ध्या गालाला फेस तसाच. "तुला राग आलाय त्यांचा. रागात नको बोलूस, एवढंच म्हणतो."

मी मनात नीट पाहिलं. राग होता. पण त्याच्याही खाली एक जागा नुसती रिकामी पडली होती. तिथे सर बसायचे. वाटी घेऊन, चार थेंब टाकत. ती जागा भरेल असं मला वाटत नाही.

"रागात नाही बोलणार," मी म्हटलं. "लिहून घेतलंय. वाचूनच दाखवेन."

"थांब मग. तोंड धुतो, गाडी काढतो."

"नको. तुम्ही दुकान उघडा. मी चालत जाते."

दोन घास भाकरी खाल्ली. देवाला नमस्कार केला, काही मागितलं नाही. कांडी जुन्या पातळाच्या धडप्यात गुंडाळून झोळीत घातली. तेवढ्यात फोन वाजला. सरांचं नाव होतं. वाजू दिला. थांबला, पुन्हा वाजला. मी तो उंबऱ्याच्या आत कोनाड्यात ठेवला आणि दार ओढून घेतलं.

गावसभा अकराला. सभागृह ओढ्याच्या पलीकडे, चढावर, माझ्या पावलांनी अर्धा तास. कांडी साडेचार किलोची होती. वाटेत दोनदा तरी खाली टेकवावी लागेल असं धरून मी साडेनऊलाच निघाले.